मानेची नस आणि आळणी डाळ

चिक्कडपल्ली, हैदराबाद
५ मार्च १९४९

प्रिय भामा,

अनेक आशीर्वाद. दिवाळीनंतर तुझ्या भाऊजींना ब्लडप्रेशर निघालं, हे तुला कळवलंच होतं. कोठी भागातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, मीठ बंद, राग बंद, नाहीतर एक अंग लुळं पडेल. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. वीस वर्षं उर्दूत फायली लिहिलेल्या माणसाला पोलीस अ‍ॅक्शननंतर एकदम इंग्रजीत लिहा म्हटल्यावर प्रेशर चढणारच, असं मीही धरून चालले.

मग उपचार सुरू झाले. सकाळी दुधीचा रस, त्यावर लसणाच्या पाकळ्या, दुपारी आळणी डाळ. मला काही ती गिळवेना. ह्यांची पाठ वळली की मी अंबाडीचं लोणचं काढून बसायची, ह्यांच्या वाटणीचंही खायची. रस-लसणाने भागेना म्हणून ह्यांनी हिम्मतराव पहिलवानाला गाठलं. गडी मूळचा हाडं बसवणारा. पण "मानेकी नस दब गई साब, खून ऊपरीच अटक गया," म्हणाला आणि ह्यांना पटलं. दर रविवारी ओसरीवर पालथं पाडून पाठीत गुडघा देतो आणि मान अशी कडकन मोडतो की शेजारच्या पद्मावतीबाई पूजा अर्धी टाकून धावत येतात. परवा तर त्यांनी स्वतःची कंबरही दाखवून घेतली.

पण खरं सांगू, माणूस निवळला. कचेरीतून वेळेवर येतात, इंग्रजीचं पुस्तक घेऊन बसतात, संध्याकाळी मला फिरायला नेतात. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, आता कुठे बरोबर चालतो आहोत. म्हणजे ते चार पावलं पुढे असतात, पण बरोबरच.

सोमवारी पुन्हा दाखवायला गेलो. ह्यांचं प्रेशर अगदी तरण्या पोरासारखं निघालं! हे बाहेर जाऊन सगळ्यांना पहिलवानाचा पत्ता वाटू लागले, आणि डॉक्टरांनी सहज माझाही दंड मागितला. पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला; आकडा दोन्ही वेळा चढलेलाच, दिवाळीनंतर ह्यांच्या कागदावर होता तसा. मग मला दिवाळीनंतरची ती पहिली खेप आठवली. हे त्या रबरी पट्ट्याला इतके घाबरले होते, की दुखत नाही हे दाखवायला आधी मीच दंड पुढे केला. नव्या कंपाउंडरने माझं प्रेशर मोजलं आणि कागदावर लिहायला नाव विचारलं. चारचौघांत बायकोचं नाव घेतील ते हे कसले! स्वतःचंच सांगितलं. तोच कागद घेऊन, आपण पट्ट्यातून सुटलो म्हणून खुशीत, हे आत गेले. गर्दीत डॉक्टरांनी कागदच वाचला. आत ह्यांना तपासलं असेल, असं मी बाहेर बसून समजत होते.

म्हणजे चार महिने आजारी मी आहे आणि पथ्य हे करताहेत. आणि मी लोणचं खातेय.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. वीस तारखेला इंग्रजीची परीक्षा आहे, नोकरी तिच्यावरच टिकायची. आज सांगितलं तर हे पुस्तक टाकून माझ्या उशाशी बसतील, आणि रविवारी हिम्मतरावाला माझी मान दाखवतील ते वेगळंच. पण रोज सकाळी डावा हात बधिर होतो, भामा. मला भीती वाटते. मला इतक्यात मरायचं नाही, आता कुठे फिरायला लागलो आहोत. तू एकवीस तारखेला ये आणि ह्यांना तूच सांग, तुझ्यावर ते ओरडत नाहीत. आणि जाताना लोणच्याची बरणी घेऊन जा, माझ्याच्याने ती टाकवत नाही.

तुझीच,
सुशीलाअक्का