कोडोलीचा र आणि लंडन स्टेशन

बाई, तुमच्या चेहऱ्याआधी मला तुमचं स्वयंपाकघर आठवतं, रागावू नका. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतली ती अरुंद खोली, फडताळावर विणलेला रुमाल पांघरून बसलेला रेडिओ आणि त्याच्याखाली पोळपाटापुढे बसलेल्या तुम्ही. संध्याकाळी लंडन स्टेशन लागायचं. मधेच शिट्टी मारायचं, खरखरायचं, पार बुडून जायचं आणि पुन्हा वर यायचं. बातम्या सांगणारा जे वाक्य म्हणेल ते तुम्ही त्याच्या मागोमाग म्हणायचा, लाटण्याचा हात न थांबवता. पोळी करपली तरी चालेल, पण त्याचा सूर सुटता कामा नये. घरात तुम्ही एकट्या. शेजारणी म्हणायच्या, ‘मास्तरीणबाईंच्या घरात रोज एक साहेब येतोय बोलायला.’ हे तुमच्या कानावर आलं होतं आणि तुम्हाला त्याचा राग नव्हता, उलट गंमतच वाटायची.

मी तुमच्या वर्गात आले तेव्हा एकोणीसशे साठचं दशक निम्मं सरलं होतं. मी कोडोलीची, शेतकऱ्याची पोर, शाळेसाठी कोल्हापूरजवळ उचगावला आत्याकडे ठेवलेली. पण इंग्रजीच्या बाबतीत मी स्वतःला कोणापेक्षा कमी समजत नव्हते. गावातल्या दवाखान्यात अमेरिकेहून आलेल्या एक डॉक्टरीणबाई होत्या आणि त्यांच्या बंगल्यावर दूध घालायला लहानपणापासून मीच जायची. चरवी रिकामी होईपर्यंत त्या माझ्याशी इंग्रजीत बोलायच्या आणि मी पोपटासारखी तसंच परत म्हणायची. त्यामुळे पहिल्या दिवशी तुम्ही मला धडा वाचायला उभं केलंत तेव्हा मी मोठ्या दिमाखात वाचलं. ‘वॉटर’ला जीभ वळवून ‘वॉडर्र’ म्हटलं. पेठेतल्या पोरी तोंडाला वह्या लावून हसल्या. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, ‘धीट वाचतेस, छान. पण हा शेवटचा र कोडोलीतच ठेवून येत जा. तो लंडनपर्यंत पोचत नाही.’ मला असा राग आला! ‘आमच्या डॉक्टरीणबाई गोऱ्या हायत,’ मी म्हणाले, ‘त्यांचं कसं चुकंल?’ तुम्ही खडू खाली ठेवलात. ‘त्यांचं चुकत नाही, त्यांचं वेगळं आहे. अमेरिकेत तो र म्हणतात, लंडनला गिळतात. तू आधी एक काहीतरी नीट शीक, मग दुसऱ्याची वाट लाव.’ आणि रविवारी घरी यायला सांगितलंत.

त्या रविवारांचं काय सांगू! ओठांपुढे कागदाचा कपटा धरून ‘पेन’ म्हणायचं, कपटा हलला पाहिजे. म्हणजे प जरासा फ कडे झुकला पाहिजे, पण फ होता कामा नये. ‘टी’ची तीच गत. आणि आपला व एकच, त्यांचे दोन. एक वरच्या दातांनी खालचा ओठ दाबून म्हणायचा, दुसरा ओठांचा चंबू करून. तो दुसरा मला काही केल्या जमेना. शेवटी वैतागून तुम्ही चुलीजवळची फुंकणी माझ्या हातात दिलीत. ‘चूल पेटव.’ मला वाटलं, शिकवणी संपली, आता कामाला लावलं. मी फुंकणी तोंडाला लावली, गाल फुगवले. ‘आता फुंकणी काढ आणि ओठ तसेच ठेवून म्हण!’ आणि आला की तो व! तुम्ही पिठाच्या हातांनी टाळी वाजवलीत. मी तोंडाला राख फासून उचगावला पोचले, तर आत्या दारातच. ‘विंग्रजी शिकाय गेलतीस का चूल पेटवाय?’ दोन्ही, म्हटलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

अशाच एका रविवारी, पोळीला तूप लावता लावता तुम्ही म्हणालात, ‘मला एकदा तरी, ज्याच्या आईची भाषा इंग्रजी आहे, अशा माणसाशी बोलायचंय. त्याला मी कळते का, एवढंच बघायचंय.’ मी चकित झाले. माझ्या हिशेबी तुम्हीच इंग्रजी होतात. तेव्हा कळलं, आजऱ्याहून शिकायला आलेल्या तुम्ही, सगळं पुस्तकांतून आणि या फडताळावरच्या साहेबाकडून उचललं होतंत. गोऱ्या माणसाशी एक शब्द बोलायची वेळ कधी आलीच नव्हती. मी लगेच म्हटलं, आमच्या डॉक्टरीणबाईंना गॅदरिंगला बोलवू या. तुम्ही तोंड वाकडं केलंत, ‘त्या अमेरिकन.’ जसं काही सांगितला होता बासमती आणि दुकानदार दुसराच तांदूळ दाखवतोय. पण पुढच्या रविवारी फोडणी देता देता, माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘विचार त्यांना.’

मी गावी जाऊन विचारलं, त्या यायला कबूल झाल्या आणि तुमची झोप उडाली. स्वागताची वाक्यं तुम्ही भाजी निवडताना म्हणायचा, कपडे वाळत घालताना म्हणायचा. प्रवास कसा झाला, आमच्या शाळेविषयी काय वाटलं, चहात साखर किती. गॅदरिंगच्या दिवशी तुम्ही निळी इरकल नेसलात. मी चहाचा ट्रे घेऊन ऑफिसच्या दारात उभी आहे. माझ्या आयुष्यातल्या दोन्ही इंग्रज्या आज समोरासमोर येणार आहेत. तुम्ही पुढे होता, हात जोडता, तोंड उघडता. आणि डॉक्टरीणबाई तुमचे जोडलेले हात आपल्या हातांत धरून खणखणीत आवाजात म्हणतात, ‘काय बाई, बरं हाय न्हवं? ही पोरगी लई सांगती तुमचं. आमच्याकडं या की एकदा जेवाय. मी पिठलं झ्याक करतो!’ आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल ‘करतो, जातो’ म्हणतात, तस्सं. ऑफिसातल्या सगळ्यांची हसून पुरेवाट झाली. तुम्हीही हसलात. तुम्ही इंग्रजीत कधी बोलता याची मी वाट बघत राहिले. त्यांनी चहा घेतला, त्यांचा नारळ झाला, शाल झाली. मधे दोनदा त्या आपसूक इंग्रजीत गेल्या, थांबून तुमच्याकडे पाहिलंही. तुम्ही दोन्ही वेळा शुद्ध पुस्तकी मराठीत उत्तर दिलंत.

कार्यक्रम संपल्यावर आपण दोघी पायी निघालो. मी फुगले होते. बिंदू चौक ओलांडल्यावर तुम्हीच म्हणालात, ‘विचार, काय विचारायचंय ते.’

‘का नाही बोललात?’

तुम्ही म्हणालात, ‘रेडिओला उत्तर द्यावं लागत नाही गं. तो बोलतो, मी बोलते. तो कधी मला “काय म्हणालात?” असं विचारत नाही. त्या बाईनं कपाळाला एक आठी घालून तसं विचारलं असतं, तर उद्या वर्गात मी कुठल्या तोंडानं उभी राहू? एवढी वर्षं तुम्हा पोरींना काय शिकवलं मी? खरं का खोटं?’ आणि मग अगदी हळू, ‘भ्या वाटलं मला.’ तुमच्या तोंडून आजऱ्याची बोली मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकली. मी तुमच्या हातातली पिशवी घेतली आणि आपण घरी गेलो.

पुढे डॉक्टरीणबाई मायदेशी परत गेल्या. जाताना मला म्हणाल्या, तुझ्या बाई मराठी लई ग्वाड बोलत्यात. ते मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही इतक्या हसलात की डोळ्यांना पदर लावावा लागला. मी इंग्रजीचीच मास्तरीण झाले, तेही कोल्हापुरातच. तुम्ही रिटायर झाल्यावर, पंचाहत्तर सालच्या सुमारास, एकदा माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसलात. तास संपल्यावर काय म्हणालात आठवतंय? ‘र गेला की पार. थोडा ठेवला असतास तरी चाललं असतं.’ ऐंशी साल उजाडल्यावर थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात. ‘त्याला मी कळते का’ हा तुमचा प्रश्न तसाच राहिला आणि मला त्याची फार हळहळ वाटायची, अजून वाटते.

आता माझी मुलगी लंडनला असते. मागच्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे राहून आले. बाई, तिथे काय काय बोलतात हो! बस चालवणाऱ्याचं एक, भाजीवाल्याचं दुसरं, दवाखान्यातल्या नर्सचं तिसरंच. स्कॉटलंडचा एक पोस्टमन येतो, त्याचा र इतका खणखणीत की आमचं कोडोली लाजेल. तेव्हा पोचलाय तो लंडनला, तुम्हाला कळवायचं राहिलं होतं. खालच्या मजल्यावर एक पिकल्या केसांची म्हातारी राहते. अस्सल तिथलीच. रोज बागेत आम्ही दोघी बोलत बसायचो. एक दिवस ती म्हणाली, ‘आमच्या शाळेच्या मोठ्या बाई अगदी तुमच्यासारखं बोलायच्या. आता असं कोणी बोलत नाही. तुम्ही कुठे शिकलात?’ मी सांगितलं, कोल्हापुरात, एका स्वयंपाकघरात. एवढ्या दिवसांत तिनं मला एकदाही ‘काय म्हणालात?’ असं विचारलं नव्हतं. वर येऊन मी रडले. मुलगी घाबरली, काय झालं म्हणून विचारत राहिली. तिला काय सांगू? तिथे बसायला तुम्ही हव्या होतात. ते वाक्य तुम्हाला मिळायला हवं होतं, ते मला मिळालं.

हे पत्र टाकायचं कुठे हा प्रश्नच आहे. लिहून झालं की घडी करून ठेवीन झालं. पण एक गोष्ट मुलीलाही सांगितलेली नाही, तुम्हाला सांगते. तिथे बसमध्ये, दुकानात, टी.व्ही.वर इंग्रज माणसं बोलायला लागली की मी कान देऊन ऐकायचे आणि दर वेळी मनात एकच यायचं, बोलतात बरं, पण बाईंसारखं जमत नाही यांना.