पन्नास पिकोसेकंदांच्या आत

७ एप्रिल, सोमवार. सकाळी ११.०५
आजपासून रोजनिशी. माझ्यासारख्या माणसाच्या कामाची नोंद दुसरं कोणी ठेवत नाही, आपणच ठेवावी.
कॉलेज दहाचं. पोचलो अकराला. वाटूर फाट्यावर बस उशिरा आली, यात माझा काय दोष. (बस नऊलाच येऊन गेली, असं बायको, वंदना, म्हणते. ती फाट्यावर नव्हती.)
मोठं काम आलंय. पुण्याच्या एका कंपनीने चाळीस सर्किट बोर्ड तपासायला पाठवलेत. बनवलेत माझ्याच जुन्या विद्यार्थ्याने, आष्टीच्या इजहारने. बोर्डातून सेकंदाला दहा कोटी ठोके निघतात आणि प्रत्येक ठोका ठरल्या वेळी पडावा लागतो. मागेपुढे झाला तर पन्नास पिकोसेकंदांच्या आत. पिकोसेकंद म्हणजे एका सेकंदाचे लाख कोटी तुकडे केले तर त्यातला एक. या चुकीला जिटर म्हणतात. अख्ख्या परतूर तालुक्यात जिटर मोजणारा मी एकटा.
रिपोर्टची मुदत २१ तारीख. बोर्ड पास झाले तर इजहारला आयुष्यातली पहिली मोठी ऑर्डर.
संकल्प: उद्यापासून दहाच्या ठोक्याला हजर.

८ एप्रिल
पावणेअकरा. सुधारणा आहे.
लॅबमध्ये भट्टी. प्राचार्यांच्या केबिनमधला कूलर भांडून आणला, टेबलाला चिकटून लावला. प्रोबच्या, म्हणजे मोजायच्या सुईच्या, अर्थिंगची वायर बोटभर, दर वेळी बोर्डावर ओणवं व्हावं लागतं. तिला हातभर वायर जोडली. पायात येऊ नये म्हणून कूलरमागून फिरवून घेतली. आता खुर्चीत टेकून, हवा खात जिटर मोजता येतो. ही सोय कुठल्याही पुस्तकात दिलेली नाही.
पहिला बोर्ड: १९० पिकोसेकंद. फेल.

९ एप्रिल
बारा बोर्ड झाले. बाराही फेल. १८०, २१०, १९५.
इजहारला फोन केला. म्हणाला, सर, मी अन् बहीण नाजिया जालन्याला जाऊन मापून आल्तो, तिथं तर बिलकुल असं न्हाई आलं, जरा बराबर बघा ना.
बराबर बघा, हे मला. जिटर शिकवला कोणी याला? (त्या तासाला मी अर्धा तास उशिरा गेलो होतो. पण शिकवला.)

११ एप्रिल
लॅब असिस्टंट शालूने मी येण्याआधी, साडेनऊला, परस्पर एक बोर्ड मोजला. म्हणाली, सर, माझं तर बावीसच आलं. मी अकराला तोच बोर्ड मोजला. २०५.
तिला समजावलं, सकाळी बोर्ड ताजा असतो, दुपारी दमतो. तिने वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवले. विषय खोल आहे, एकदम पचत नाही.

१३ एप्रिल, रविवार
आष्टीला भाच्याचं लग्न. मुहूर्त ११.५५. पोचलो तेव्हा दुसरी पंगत बसली होती. वंदना आदल्या दिवशीच गेली होती. तिथला मुहूर्त तरी कोण पाळतं? यांनी नेमका आजच पाळला.
पंगतीत इजहारची बहीण नाजिया भेटली. म्हणाली, सर, पाच महिने झाले, शिलाई बंद करून भिंग लावून बोर्डाला डाग देऊन राह्यले मी, डोळ्याला पाणी येतं. मी म्हणालो, डाग चांगले असतील, ठोके चुकताहेत. स्पष्ट बोलायला छाती लागते.

१५ एप्रिल
चाळीसपैकी चाळीस फेल.
शालू म्हणाली, सर, एकदा कूलर बंद करून बघता का? कूलरची हवा तिच्या टेबलापर्यंत जात नाही, हे खरं दुखणं. मी म्हणालो, कूलर चालूच राहील.

१६ एप्रिल. दुपारी ४.५०
कारभारी सर कधी वेळेवर काही करत नाहीत, असं माझ्याबद्दल स्टाफरूममध्ये बोलतात. बोलोत. मुदत २१ची, मी आजच मेल केला. पाच दिवस आधी. ‘सर्व बोर्ड नापास.’ विद्यार्थी आपला म्हणून मी सत्य सोडणारा माणूस नाही.

१७ एप्रिल
कंपनीचं उत्तर. तत्परतेबद्दल आभार मानलेत. प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावली.

१९ एप्रिल, शनिवार
प्राचार्यांनी कूलर परत नेला. निषेध नोंदवला.
इजहार बोर्ड न्यायला आला. म्हणालो, बघ, तुझ्या डोळ्यांदेखत मोजतो. एकवीस आलं. दुसरा बोर्ड, तेवीस. मी म्हणालो, तीन दिवस विश्रांती मिळालीय बोर्डांना. तिसरा, बावीस. चौथा, पाचवा, तेच.
शालू उठली, केबिनमधून कूलर ढकलत आणला, होता तिथे लावला, चालू केला. १९८. बंद केला. २२. चालू केला. २०१. माझी हातभर वायर कूलरच्या मोटारीची गडबड ओढून घेत होती. चूक बोर्डात नव्हती, मोजण्यात होती.
तिने तीनदा करून दाखवलं. एकदा पुरलं असतं.

२१ एप्रिल, सोमवार. सकाळी ९.४०
आज बस वेळेवर आली. म्हणजे रोज येत असावी.
बोर्ड ठेवून घेतले, सगळे पुन्हा मोजून शनिवारी रात्रीच नवा रिपोर्ट पाठवला, चाळीसपैकी चाळीस पास. आता फोन केला. तिकडच्या मॅडम म्हणाल्या, ऑर्डर सतरालाच दुसऱ्यांना दिली. एकवीसपर्यंत थांबणारच होतो, पण तुमचा रिपोर्ट लवकर आला, बरं झालं.

दुपारी १२
इजहार बोर्ड न्यायला आला, त्याला मी स्वतः सांगितलं. वाटलं होतं भांडेल. मी उत्तरंही तयार ठेवली होती. त्याने एकेक बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरला. मी धरू लागलो तर म्हणाला, राहू द्या सर. दारात थांबून म्हणाला, सर, पुढच्या टायमाला आलो तर कूलर तेवढा बंद ठेवा.
ठेवीन म्हणालो.
वायर तोडून टाकली. नोटीस बोर्डावरचं पत्र काढलं. लॅबमध्ये भयंकर उकडतंय.
सगळ्या आयुष्यात एकच काम मी वेळेआधी केलं.