मागच्या खोलीत कोण राहील

मी, सोफा-खुर्च्यांच्या गाद्या शिवून पोट भरलेली विधवा, पूर्ण शुद्धीत आहे. अक्षर वाकडं येतं ते वयानं, कुणाच्या धाकानं नाही. हे मृत्युपत्र मी राजीखुशीनं लिहीत आहे. रागात आहे, हेही खरं. पण रागानं कागद बाद होत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या.

१. राहतं घर, पुढचं दुकान, शिवणयंत्र, वाकड्या सुया आणि मोठी कात्री माझ्या एकुलत्या एका मुलीला. तिला ऐकू येत नाही, म्हणून कुणी तिचा हक्क डावलू पाहील तर त्याची गाठ वकीलबाईंशी आहे.

२. चर्चला काहीही नाही. कारण लिहून ठेवते.

माझ्या नवऱ्यानं एका रविवारी उपासना चुकवली आणि शेजारणीच्या चाकाच्या खुर्चीची फाटकी बैठक शिवून दिली. त्याच आठवड्यात पोरीला ताप भरला, त्यात तिचे कान गेले. पुढच्या रविवारी माझे थोरले दीर, चर्चचे पंच, भर उपासनेत उभे राहिले. “देवाची आज्ञा मोडली की काय होतं, ते या घरात जाऊन बघा!”

बघायलाही कुणी आलं नाही. नवऱ्यानं ते जिवाला लावून घेतलं. “माझ्यामुळे झालं गं,” एवढंच म्हणायचा. पोरीच्या डोळ्याला डोळा देईना. खंगत खंगत गेला. आजाऱ्याला भेटा, ही आज्ञा कुणाची होती आणि ती मोडली कुणी, हे मी पंचांना तोंडावर विचारलं. त्यांनी दार लावून घेतलं.

३. थोरल्या दिरांबाबत. त्यांनी स्वतःची मुलंही अशीच शिक्षेच्या धाकात वाढवली. ती घर सोडून गेली ती गेलीच. पुढे दिरांना अर्धांगवायू झाला. चर्चच्या मंडळीतलं कुणी फिरकलं नाही. आजारी माणूस म्हणजे देवाची शिक्षा भोगणारा, हे त्यांनीच तर सगळ्यांच्या डोक्यात भरवलं होतं! मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

आणि माझी पोर त्यांना भरवायला जाऊ लागली. मी दारात आडवी उभी राहिले. आमची बोलणी हातांनी चालतात.

“त्या माणसानं तुझा बाप खाल्ला!”

“माहीत आहे मला.”

“मग कशाला जातेस?”

“शत्रूवर प्रीती करा, असं देवानं सांगितलंय, आई. पटलं तरच करा, असं नाही सांगितलं.”

मी ओरडले. तिला काय ऐकू येणार? डबा घेऊन ती निघून गेली. मी कितीतरी दिवस धुमसत होते. देवाशीही कडाकडा भांडले. पण त्यानं आपला शब्द मागे घेतला नाही.

४. सबब, मागची खोली थोरल्या दिरांना, माझ्या हयातीत आणि नंतरही, त्यांच्या शेवटच्या श्वासापर्यंत राहण्यासाठी. पाठीला जखमा होऊ नयेत अशी मऊ गादी मी शिवली आहे. मालकीचा हक्क नाही. विकण्याचा नाही. माझ्या नवऱ्याबद्दल तोंड उघडण्याचा तर मुळीच नाही.

५. मला मूठमाती देताना पाळकसाहेबांनी, ‘बाईंनी क्षमा केली,’ असं सांगू नये. क्षमा केलेली नाही. देवानं सांगितलेलं ऐकलं, इतकंच. उरलेलं मी त्याच्यापुढे उभी राहीन तेव्हा बघू.

वरील मजकूर वाचून, पटून सही केली.

सही: गादीवाली
साक्षीदार: १. शेजारच्या नर्सबाई २. समोरचे चष्मेवाले
दिनांक: चौदा जून, रविवार
ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली. मागच्या खोलीत दिरांचा नुकताच डोळा लागला होता, म्हणून सगळ्यांनी हळू बोलत सह्या केल्या.