राखलेले खेकडे

तळेगाव दाभाडे,
आषाढ संपता संपता

तीर्थस्वरूप दत्तोबामामांना प्रतीक्षाचा साष्टांग नमस्कार. लोणावळ्याच्या बंगल्यावरची बाग आणि तुमचा गुडघा, दोन्ही या पावसात कसे आहेत ते कळवावे. मी बरी आहे (भूक नाही, झोप नाही, पण ताप नाही). फोनच करणार होते. पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवून झाडांना खत घालता आणि ही हकीकत बाकीच्या माळ्यांनी ऐकावी अशी नाही.

कान्हे गावातल्या तुमच्या खाचराच्या बांधावर मी एम.एस्सी.साठी काय करते ते एकदा सरळ सांगते, कारण गावात ‘दत्तोबाची भाची खेकडी पाळती’ असं झालं आहे. बिळातला खेकडा उचलायचा, पाठीवर नेलपॉलिशने नंबर टाकायचा, लांब ओढ्याशी सोडायचा, आणि तो आपल्याच बिळात परत येतो की दिसेल त्यात घुसतो ते पाहायचं. बहुतेक आपल्याच बिळात येत होते. (दोघांनी दुसऱ्याचं बळकावलं. तेही लिहून ठेवलं. उगाच कुणाला चांगलं म्हणायचं नाही.) आमच्या अनिता मॅडम खूश होऊन रविवारी स्वतः बांध बघायला आल्या. घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मॅडम घरी येणार म्हटल्यावर सगळेच घाबरलो. मी बांध झाडला. हिरामामीने स्वयंपाक केला.

पाऊस जोरात होता म्हणून आधी जेवण झालं. भरलेले खेकडे, भाकरी, भात. मॅडमनी नांगी फोडली, रस्सा ओरपला, कवचातलं बेसन पुसून खाल्लं आणि कवच ताटात पालथं घातलं. पाठीवर लाल आकड्यात नऊ. त्यांनी माझ्या ताटातलं कवच पालथं केलं. चौदा. मामीला वाटलं बाईंना फारच आवडलं, तिने आणखी दोन वाढले.

मला रडू फुटलं. मामी म्हणाली, “अगं, रडतीस काय पाव्हण्यांम्होरं? तूच चांगली चांगली बघून खुणा केल्यास न्हाई का? राखलेल्या कोंबड्याच्या पायात आपण दोरा बांधतो, तसंच वाटलं मला. बिनखुणेच्याला हात सुदिक लावला न्हाई.” हे मात्र खरं. बिनखुणेचे सगळे सुखरूप आहेत.

मी मॅडमना विचारलं, परत आले नाहीत असं लिहू का? त्या म्हणाल्या, “आले की! आले म्हणून तर यांना सापडले. भक्षकाने खाल्ले असं लिही.” मग भक्षकांत तुमचंही नाव घालायचं का, असं मी विचारलं. (मी अर्धी नांगी खाल्ली होती, ती माझ्या नावावर धरली आहे.) मॅडम उठून हात धुवायला गेल्या. परत आल्यावर म्हणाल्या की सगळं नव्याने करावं लागेल, नाहीतर तुझं वर्ष गेलं. मामी म्हणाली, “आता श्रावण लागंल, बाई. म्हैनाभर गावात कुणी खेकड्याकडं बघत बी न्हाई.”

“मग श्रावणातच करू,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी वाढलेले दोन्ही संपवले.

असो. गुडघ्याला तेल लावत जावे. तिथल्या सगळ्यांना यथायोग्य सांगावे.

तुमची भाची,
प्रतीक्षा

ता.क. श्रावणभर बांधाची बिळं बुजवू नयेत, ही मुख्य विनंती. वरच लिहायची होती, धीर झाला नाही.

दुसरा ता.क. त्या बिळांतून तुमच्या नुकतीच लावणी झालेल्या खाचराचं पाणी शेजाऱ्यांच्या खाचरात चाललं आहे, हे सांगणं माझं कर्तव्य. पाऊस आहे तोवर भाताला काही होणार नाही असं वाटतं. पण त्याचा अभ्यास मी केलेला नाही.

तिसरा ता.क. तुम्ही विचारलंत तर मामी “बांध उंदरांनी पोखरलाय” असं सांगणार आहे. उंदीर नाहीत. मला खोटं सहन होत नाही म्हणून कळवलं. तरी ती उंदीर म्हणाली की आपण “व्हय” म्हणावे.