सौदामिनीची पाटी

ता. ३ जानेवारी

ती. दादास,

बारकीचा सा. न. वि. वि. गुडघ्यांचं विचारत नाही, कारण बरे आहेत असंच तू लिहिणार आणि सूनबाई मागाहून वेगळंच कळवणार.

पत्राचं कारण मोठं आहे. शेडमागच्या यार्डात वाफेची सहा इंजिनं उभी आहेत, ती आता मोडीत निघणार. त्यातलं एकच वाचवून, रंगवून स्टेशनासमोर ठेवणार आहेत. कुठलं ठेवायचं ते ठरवायचं काम साहेबांनी कुणाला द्यावं? इथल्या इंजिनवेड्यांच्या मंडळाला! औषधवाला, भूगोलाचे निवृत्त मास्तर, फोटो स्टुडिओवाला अशी दहा-बारा मंडळी दर मंगळवारी औषधांच्या दुकानामागच्या खोलीत जमतात. जन्मात कोळशाला हात लावला नसेल, पण सगळ्या इंजिनांची नावं पाठ. मत कुणीही द्यावं, गावातल्यांनी आपलं आवडतं नाव चिठ्ठीवर लिहायचं, बाहेरगावच्यांनी कार्डावर. ज्या नावाला जास्त मतं, ते इंजिन वाचलं.

आपली सौदामिनी त्या सहांत आहे. बाबांनी एकोणीस वर्षं चालवली. दादा, मला ती शोभेसाठी नको आहे. मी दहा वर्षांची असताना बाबांनी मला वर चढवून, ड्रायव्हरच्या खिडकीखालच्या पत्र्यावर पंचाने ठोकलेले तीन ठिपके दाखवले होते. एकेकावर माझं बोट टेकवलं. पहिला तू, तिसरा मी. मधल्यावर बोट जरा जास्त वेळ धरून ठेवलं. नाव ठेवायच्या आधीच, नऊ दिवसांची होऊन गेलेली आपली बहीण. तिचा फोटो नाही, कागद नाही, आईने तर विषयच काढू दिला नाही. ती होऊन गेली एवढं सांगणारा जगात तो एकच ठिपका आहे. तो मी भट्टीत जाऊ देणार नाही.

तुझं मत लगेच पाठव. लोभ ठेव, नुसता मनात नको, कार्डावर दिसू दे.

तुझी बारकी

*

ता. ११ जानेवारी

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. डोळ्याला पट्टी होती म्हणून उशीर झाला. आता एका डोळ्याने लिहितो आहे, ओळी तिरक्या गेल्या तर हसू नकोस.

तू या मंडळाच्या नादी फार लागू नयेस असं वाटतं. लागायचंच असेल तर माझं ऐक. मत भरारीला दे. मी त्या शेडमध्ये तेहतीस वर्षं फिटर होतो, सहाही इंजिनं मी उघडून पाहिली आहेत. भरारीचा बॉयलर धड आहे, पत्रा जाड आहे, ती उघड्यावर टिकेल. सौदामिनीचं खालून सगळं गेलेलं आहे. चार वर्षांत स्टेशनासमोर नुसता सांगाडा उरेल. मी माझं कार्ड भरारीच्या नावाने टाकलं आहे.

इकडे मुलाची बदली होणार होती ती राहिली. माझी खोली उत्तरेला आहे, दिवसभर दिवा लागतो. तुझ्या हातच्या शिवणीचा सदरा अजून वापरात आहे.

रागावू नकोस. माया आहे तशीच आहे.

दादा

*

ता. १७ जानेवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. लिहिते आहे ते केवळ रीत म्हणून. मनात नमस्कार बिलकुल नाही.

भरारी? बाबांचं इंजिन सोडून भरारी? तुझं कार्ड औषधवाल्याने सगळ्यांसमोर वाचलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ड्रायव्हरच्या पोरानेच पाठ फिरवली म्हणून मास्तरांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. पत्रा जाड आहे म्हणे! बॉयलर पाहून आपलं माणूस ठरवतात का रे?

त्या खोलीत काय चालतं ते ऐक. एकच लांब बाक, त्यावर खोकल्याच्या औषधाची खोकी, आणि नावांवरून हमरीतुमरी. औषधवाल्याला गजगामिनी हवी, कारण दुकान बंद करताना ते नाव उच्चारलं की त्याला शांत वाटतं. मास्तरांना वायुकन्या, वाऱ्याचा संबंध भूगोलाशी आहे असं त्यांनी पाऊण तास समजावलं. स्टुडिओवाल्याला लांब नाव चालत नाही, फोटोत मावलं पाहिजे, म्हणून त्याची माणसं भरारीकडे. मी उठून बाबांबद्दल आणि ठिपक्यांबद्दल सांगितलं. मला तीन मतं मिळाली, आणि एकाने रुमाल काढला.

पण तीन मतांनी काय होतंय? म्हणून मी शाळेतल्या माझ्या जुन्या शिवणकामाच्या मुलींना कार्डं लिहायला घेतली आहेत. नव्वद झाली. बोटाला सुईपेक्षा टाकाने जास्त घट्टे पडले.

तुझ्यावरून मला बाबांचे शेवटचे दिवस आठवले. कान इतके गेले होते की भरारीची शिट्टी झाली की काठी घेऊन दारात जाऊन उभे राहायचे, आणि खुद्द सौदामिनी गेली तर पेपरातून डोकं वर करायचे नाहीत. मी हसायचे त्यांना. निदान ते म्हातारपणाने चुकायचे. तू डोळ्यांवर पट्टी होती म्हणून चुकलास असं मी धरून चालते.

दुसरं कार्ड पाठव. लोभ तुझ्या हातात आहे.

बारकी

*

ता. २५ जानेवारी

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

बाबांचे कान गेले नव्हते. एवढं लिहितो आणि पुढचं लिहवत नाही. समोर असतीस तर कदाचित बोललो असतो, कदाचित नसतोही.

तुझ्यासमोर हात जोडतो, भरारीला मत दे आणि त्या नव्वद मुलींनाही तसंच कळव. कारण विचारू नकोस. मोठा भाऊ म्हणून आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, हे एकच समज.

बाकी सर्व ठीक. खोकला आहे.

दादा

*

ता. ९ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. आज खरोखरचा नमस्कार, कारण आज मला कुणाशी तरी बोलायला हवं आहे.

आपण जिंकलो. सौदामिनी एकशे अकरा, भरारी चौऱ्याण्णव, बाकीच्यांचं सांगत नाही, औषधवाल्याला वाईट वाटेल. माझ्या मुलींची कार्डं नसती तर भरारी आरामात आली असती, असं मास्तरांनी माझी पाठ थोपटत सांगितलं. तुझं मागचं पत्र मी कुणाला दाखवलं नाही. खरं सांगायचं तर रागाने दोन दिवस फोडलंच नव्हतं, आणि फोडलं तोवर कार्डं गेली होती.

काल सौदामिनी धुवायला काढली. यार्डाच्या मुकादमाने मला शिडी लावून दिली, खालून स्वतः धरून उभा राहिला. या वयात मी वर चढले, दादा. ड्रायव्हरच्या खिडकीखालचा पत्रा घासला, आधी चिंधीने, मग रॉकेलने, मग नखांनी. ठिपके नाहीत. एकही नाही. पत्रा जुनाच आहे, मुकादमाने खात्रीने सांगितलं, कधी बदललेला नाही. मग माझे ठिपके गेले कुठे? मी दहा वर्षांची होते म्हणून जागा चुकते आहे का? तू तिथे रोज होतास, तुला ठाऊक असणार.

बाकीच्या पाच २० तारखेपासून कापायला घेणार, भरारी पहिली, कारण ती फाटकाजवळ आहे. तिचं मला काही नाही. तू फक्त ठिपक्यांचं कळव.

तुझी वाट पाहणारी,
बारकी

*

ता. १७ फेब्रुवारी

चि. बारकीस,

आशीर्वाद लिहायचा हक्क मला आहे की नाही ते पत्र वाचून तू ठरव.

बाबा निवृत्त झाले त्या वर्षी सौदामिनी आणि भरारी एकाच वेळी मोठ्या दुरुस्तीला आल्या. दोघी एकाच साच्यातल्या, शेजारी उभ्या केल्या तर आम्हालाही ओळखू येत नसत. दुरुस्तीत पितळी पाट्या उतरवून घासायला देत. नाव आणि नंबर एकाच पाटीवर असतो. कुठली पाटी कुठली, हे कळावं म्हणून मागच्या बाजूला खडूने खूण करायची, ती पाटी परत चढेपर्यंत पुसायची नाही, अशी शेडची रीत. त्या वर्षी पाट्या माझ्याकडे होत्या. बाबांच्या इंजिनाची पाटी म्हणून मी ती पुढून घासली आणि मागूनही घासली. मागची बाजू जन्मात कुणी घासत नाही. मी घासली, आणि एकीची घासली म्हणून दुसरीचीही. खडू गेला. पाट्या चढवताना इंजिनांची जागा बदललेली होती आणि मी अंदाजाने चढवल्या.

आठवड्याने चाकाच्या दांड्यावर ठोकलेला नंबर दिसला आणि पाट्यांची अदलाबदल झाल्याचं कळलं. तोवर रंग झाला होता, कागदांवर सह्या झाल्या होत्या, आणि याहून लहान चुकीसाठी फोरमनने एकाला घरी पाठवलं होतं. उद्या सांगू म्हणत अठ्ठावीस वर्षं गेली. बाबा एकदा शेडमध्ये आले. सौदामिनी लिहिलेल्या इंजिनावरून त्यांनी नुसती नजर फिरवली आणि भरारीच्या पायरीला हात लावून उभे राहिले. मग माझ्याकडे पाहिलं. फोरमनच्या खोलीवरून सरळ घरी गेले. पुन्हा कधी शेडमध्ये आले नाहीत. ते दारात जाऊन उभे राहत ती शिट्टी त्यांच्याच इंजिनाची होती.

तुझे ठिपके भरारीत आहेत. तुझं पत्र मला १३ तारखेला मिळालं. १४ ला तार करायला गेलो, फॉर्म घेतला. तारेत काय लिहू? माझी चूक तारबाबूने मोठ्याने वाचून शब्द मोजले असते. फॉर्म फाडून घरी आलो. त्यानंतर हे पत्र लिहायला तीन दिवस लागले, दोनदा लिहून जाळलं. तू वेळेत पोचशील असं म्हणवत नाही.

दादा

*

ता. २४ फेब्रुवारी

ती. दादास,

पत्र काल दुपारी आलं. पायात चपला होत्या की नाही आठवत नाही, यार्डात गेले. फाटकाजवळ रिकामे रूळ होते आणि मध्ये तेलाने काळी झालेली जमीन. २० ला सुरू केलं, २२ ला संपवलं, असं मुकादम म्हणाला. केबिन सगळ्यात आधी कापतात, पत्रा पातळ असतो. वॅगन भरून भट्टीकडे गेली. ड्रायव्हरच्या बाजूचा एखादा तुकडा मागे राहिला असेल का म्हणून मी आणि तो अंधार पडेपर्यंत यार्ड पालथं घालत होतो. त्याने मला एकदाही कारण विचारलं नाही.

मी स्वतः लिहिलेल्या नव्वद कार्डांनी तिला मारलं. तू लपवलंस, मी ऐकलं नाही, दोघांनी मिळून केलं. तुझ्यावर ओरडायचं ठरवून बसले होते, पण बाबांनी त्या दिवशी तुला सांभाळून घेतलं ना? मग मी काय बोलणार? मात्र माफ केलं असंही लिहिणार नाही. आज तरी नाही.

येत्या रविवारी स्टेशनासमोर कार्यक्रम आहे. फीत मी कापायची असं मंडळाने ठरवलं आहे. खालच्या फलकावर बाबांचा उल्लेखही केला आहे. मास्तर इतके खुश आहेत की खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही. तेव्हा आता मीही तुझ्याच पंक्तीत आले. परक्या इंजिनासमोर उभी राहून मी हसणार आहे.

एक कर. ती जन्मली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. तिला पाहिलेला आता तू एकटा उरला आहेस. सहा लोखंडी धुडांच्या नावांसाठी इथे माणसं भांडली, आणि तिला एक नाव मिळालं नाही. पत्र्यावर काही उरलं नाही, तर निदान तिला हाक मारता येऊ दे. तू तिला एक नाव दे. ती कशी होती तेही लिही, केस होते का, कुणावर गेली होती.

उत्तर दे, एवढाच लोभ आता.

बारकी

*

ता. ५ मार्च

चि. बारकीस,

ती कुणावर गेली होती ते मला आठवत नाही. कापडात गुंडाळलेली होती आणि मला बाहेर खेळायला पाठवलं होतं. खोटं लिहिणार होतो, पण ते आता पुरे.

नावासाठी चार दिवस खिडकीशी बसून आहे. सूनबाई विचारते, काय पुटपुटता. मनापासून प्रयत्न केला, बारके. जी जी नावं सुचली, ती सगळी इंजिनांची निघाली.

दादा