पुजलेलं यंत्र

नाना, आज तुमच्या लेकीच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर मोडीत निघाला आणि तुमच्याशी घातलेला एक वाद पुन्हा डोक्यात सुरू झाला.

धुळ्याच्या तेलगिरणीत तुमची मशीनची खोली होती. भोकं पाडलेली कार्डं गिळून कामगारांच्या पगाराचा हिशेब काढणारं ते धूड. सगळी गिरणी त्याला कॉम्प्युटर म्हणायची. कंपनीनं ते मॉडेल बंद केलं, सुटे भाग मिळेनात, आणि मुंबईचा इंजिनिअर बोलवायचा म्हणजे हत्ती पोसणं. शेठजी म्हणाले, "नाना, यापेक्षा मुनीम स्वस्त पडतात. दिवाळीपर्यंत बघा, नाहीतर खोलीला कुलूप." कुलूप लागलं की कार्डं पंच करणाऱ्या मुली घरी बसणार होत्या. तुम्हीच त्यांच्या आईबापांना समजावून त्यांना कामाला आणलं होतं. त्या दिवसांत तुमचं जेवणात लक्ष नसायचं.

मग कळलं, जळगावच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये तसंच यंत्र धूळ खात पडलंय. त्याचे भाग काढून आपल्याला लावायचे, काम फत्ते! पारोळ्याच्या रस्त्यानं, ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून तुम्ही ते घेऊन आलात. दिवस नेमका खंडेनवमीचा. गिरणीत यंत्रांची पूजा चाललेली. मी तुमचा डबा घेऊन येते, तर तुम्ही ताटातलं कुंकू उचलून सगळ्यांत आधी त्या पाहुण्यालाच लावताय, झेंडूची माळ घालताय. तुम्हाला इतकं खुशीत मी क्वचितच पाहिलं.

दसरा झाल्यावर देवपूरचा टाइपरायटर दुरुस्त करणारा मिस्त्री आला. परवडणारा तेवढा एकच. माळ बघून त्यानं हत्यारांची पिशवी पुन्हा बांधली. "नाना, हाई मशीन पूजेल शे. येले मी नही खोलस." मला वाटलं, पुजलेलं म्हणून खोलत नाही म्हटल्यावर तुम्ही त्याला झापाल. तुम्ही म्हणालात, "खरं आहे बाबा तुझं." नंतर स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्या यंत्रापुढे बसायचात आणि तसेच उठायचात. दिवाळीच्या तोंडावर आपलं यंत्र बंद पडलं, मुली घरी गेल्या.

"ओलं फडकं फिरवायचं होतं, नाना! कुंकवापायी नोकऱ्या घालवल्यात," मी घरी तडतडले. तुम्ही एवढंच म्हणालात, "मोडायला आणलं होतं गं, आणि स्वागत करून बसलो."

तुम्ही गेलात तरी माझा राग काही पुरता गेला नव्हता.

आजही तेच काम होतं. मोडीत निघालेल्याचे भाग काढून दुसरा जुना कॉम्प्युटर चालू ठेवायचा. नवा घ्यायची आमची ऐपत नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, "मॅडम, खोलू का?" कॉम्प्युटरच्या कपाळावर दसऱ्याचं कुंकू होतं, मीच लावलेलं. फडकं ओलं करून आणलं. नाना, पुसवेना हो.

शेवटी त्याला म्हटलं, तू पूस. आणि मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तुम्हाला तर तेवढंही दुसऱ्यावर ढकलता आलं नव्हतं.