साफ आवाज

३ मार्च
कात्रीबुवाशी आज पुन्हा वाजलं! संकलक म्हणून माणूस सोन्यासारखा, पण कापायला बसला की कुणाचा नाही. दादाची मुलाखत त्याला अर्ध्यावर आणायची आहे. "सख्खा भाऊ आहे म्हणून लांबवतेस." असेल! पण दगडाच्या कारखान्यावरचा आमचा सिनेमा उभा आहे तो दादाच्याच जिवावर. ओट्याच्या फरश्या कापता कापता धूळ छातीत जाते, हे कॅमेऱ्यासमोर सांगायला दुसरं कोणी पुढे आलं नाही. मालक म्हणतो, कामगार विड्या ओढतात म्हणून खोकतात. दादाने जन्मात विडीला हात लावलेला नाही!

महोत्सवाची मुदत पंधरा तारखेला संपते. नुसत्या येरझाऱ्या चालल्यात.

५ मार्च
आवाज साफ झाला! दादाच्या घरी मी एकटीने केलेलं रेकॉर्डिंग म्हणजे सगळा सावळागोंधळ होता — पंखा, नळ, भांडी, आणि वाक्यावाक्याला खोकला. कात्रीबुवाने आठवडाभर कानाला हेडफोन लावून सगळं वेचून काढलं, तांदळातले खडे वेचावेत तसं. आता दादाचा शब्द न् शब्द ऐकू येतो. भांडणबिंडण विसरून त्याला मिठी मारली.

६ मार्च
दादाला आधी दाखवू की नको? दाखवला तर म्हणेल, हे काढ, ते काढ. न दाखवावा तर नोकरी त्याची जाणार आहे, माझी नाही. चेहरा झाकू म्हटलं होतं तेव्हा केवढा उसळला — "मी काय चोर आहे?"

दाखवायलाच हवा. भीती वाटते.

९ मार्च
लॅपटॉप घेऊन गेले. दादा, वहिनी आणि मी पलंगावर दाटीवाटीने. सिनेमा संपल्यावर दादा म्हणतो,

"छान झालाय गं. सिनेमात तरी बरा झालो की मी!"

वहिनी फिसकन हसली. मीही हसले. आणि जिन्यात आल्यावर त्याच्या बोलण्याचा अर्थ लागला. खोकला! सिनेमा खोकल्यावर, आणि आम्ही खोकलाच काढून टाकला. गोंगाट समजून! मालकाने पैसे मोजून करून घेतलं असतं ते काम आम्ही फुकटात केलं, वर मिठ्या मारल्या. शिकलेली गाढवं, दुसरं काय!

१० मार्च
"काढायला आठवडा गेला. आता परत घालू?" कात्रीबुवा.
घाल.
"आणि मुदत?"
गेली खड्ड्यात.
कपाळाला हात लावून बसला. मग आपणहूनच म्हणाला, "मला ऐकवत नव्हतं गं. म्हणूनच काढला बहुतेक."
मलाही ऐकवत नव्हतं. पण तसं बोलले नाही.

१२ मार्च
मूळ रेकॉर्डिंग पहिल्यापासून ऐकतोय. चहा निवतो, गरम करते, परत निवतो. हा खोकला नाटकी वाटतो, तो बरा, तो ठेव — स्वतःच्या भावाच्या खोकल्यात निवडानिवड करतेय मी! शी!

१३ मार्च
एका जागी दादा बोलतोय आणि खोकलाही ऐकू येतोय. एकाच वेळी! कात्रीबुवाला वाटलं, त्याच्याच हातून दोन तुकडे एकावर एक पडले. नाही, मूळ फाइलमध्येच आहे. पुन्हा पुन्हा लावून ऐकलं. बारीक, कोरडा, मोरीच्या बाजूने. त्या दिवशी घरात आम्ही तिघंच होतो. वहिनी मोरीत दादाचे कामाचे कपडे झटकत होती. रोज तीच झटकते, घरभर धूळ नको म्हणून. कारखान्यात तिने कधी पाऊलसुद्धा टाकलेलं नाही.

आम्ही तिचाही काढून टाकला होता.

१४ मार्च
वहिनीला फोन केला. "अगं, काही नाही, कोरडा आहे. जाईल आपोआप."

दादाही सुरुवातीला हेच म्हणायचा. निघालेय तिला डॉक्टरकडे न्यायला.